दारासकट घर

"नोटा तिथे पायरीवर ठेव," तात्या म्हणाले.

मी ठेवल्या. वारा होता म्हणून वर एक दगड ठेवला आणि मागे सरून खळ्यात, म्हणजे त्यांच्या अंगणात, उभी राहिले. मग तात्या ओटीवरून उतरले, दगड बाजूला केला, नोटा उचलल्या. मला वाटलं, आता पाणी शिंपडतील. कारण मघाशी त्याच पायरीवर माझा चहाचा कप होता. कान तुटलेला. तो मी विसळून पालथा घातला होता. तात्यांच्या बायकोने, वहिनींनी, त्यावर वरून तांब्याभर पाणी ओतलं, मगच उचलला.

नोटांवर कोणी पाणी ओतलं नाही. तात्या त्या थुंकी लावून मोजत होते. बोट जिभेला, मग नोटेला, परत जिभेला. मी बघत होते.

हा इसार होता. आमच्या पहिल्या घराचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोसून घर कशाला घ्यायचं? सांगते. रत्नागिरीत खोली बघायला गेलं की आधी गाव विचारायचे. लांज्याकडचं, म्हटलं की बरं वाटायचं त्यांना. मग वाडी विचारायचे. बौद्धवाडी म्हटलं की ती खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. कशीबशी एक मिळाली होती, तर मालकाला तिथे दुकान काढायचं होतं. पावसाच्या आत खाली करा म्हणाला. पोरांना घेऊन पुन्हा दारोदार वाडी सांगत फिरायचं? मी म्हटलं, बस्स. आता भाड्याचं नको, आपलंच घेऊ.

घेऊ म्हणायला काय जातं! शिल्लक काही नव्हती. हे एका सरकारी कचेरीत शिपाई, मी काजूच्या कारखान्यात. काजू फोडून फोडून बोटं तेलाने काळी, कातडी सोललेली. सासऱ्यांच्या आजारपणाचं देणं तसंच होतं, नणंदेच्या लग्नाचंही. त्यावर पतपेढीचं नवं काढलं. मुंबईच्या दिराकडून उसने आणले. गळ्यातले सोन्याचे मणी मोडले, काळी पोत ठेवली. तरी पुरेना, तेव्हा माझ्या शेजारी बसून काजू फोडणारी सुलोचना म्हणाली, "माझी भिशी तू उचल गो. मला घर नको. मला नवरा बदलून हवा होता, पण तो काय भिशीत मिळत नाही." सगळ्या बायका हसल्या. मी हसता हसता रडले.

तात्या आंबेवाले. मोठी बाग, आळीत मान. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि हातात पैसा नव्हता. आळीच्या टोकाला त्यांचं एक चिरेबंदी जुनं घर रिकामं पडलेलं. कौलं फुटलेली, वाशांना वाळवी. कोणी भाव देईना. आम्ही त्यांनी सांगितलेला भाव कबूल केला, म्हणून आम्हाला. नाहीतर कशाला देतात!

सोमवारी खरेदीखत व्हायचं होतं. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी तात्यांनी दोघांना बोलावलं. ते ओटीवर झोपाळ्यावर, आम्ही खाली खळ्यात उभे.

"शिमगा जवळ आला," तात्या म्हणाले. "आमच्या आळीत पालखी घरोघर थांबते. त्या घरापुढेही थांबायची. आता तुम्ही येणार म्हटल्यावर मंडळी कुरकुर करतायत. तर असं करू. पुढचं दार चिऱ्यांनी बुजवून टाकू आणि मागे नवं दार काढू. गवंड्याचे पैसे मी देतो. घराचं तोंड फिरवलं की झालं!"

उपकार केल्यासारखं बोलत होते.

मागे काय होतं? त्यांच्याच गोठ्याचं सांडपाणी वाहून जायचं ते गटार. त्याच्या कडेने पाऊल मावेल एवढी वाट. त्या वाटेने माझी पोरं शाळेत जाणार. त्या वाटेने मी कामावर जाणार. आळीला आमचं तोंड दिसू नये म्हणून.

"चालेल, तात्या," हे म्हणाले.

लगेच म्हणाले. कचेरीत दिवसभर हेच म्हणायची सवय.

देव-पालखी आम्ही केव्हाच सोडलेली. मला पालखी नको होती. मला दार हवं होतं.

"नाही चालणार," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"दार बुजवायचं नाही. घर ठरलंय ते दारासकट."

तात्या हसले. "अगो, जन्मात किती दारं बघितलीस स्वतःच्या घराला? एकच ना? आताही एकच असेल. पुढे काय नि मागे काय!"

"गप ऱ्हा गो," हे माझा पदर ओढत होते.

"पटत नसेल तर व्यवहार मोडला," तात्या म्हणाले. "आणि मोडणाऱ्याचा इसार बुडतो, ठाऊक आहे ना?"

इसार गेला तर घर नाही, आणि देणी तशीच. सुलोचनाला काय तोंड दाखवू? पाऊस कुठे काढू? ह्यांच्याकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघत होते. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"व्यवहार तुम्ही मोडताय, तात्या. बोलणं झालं तेव्हा पुढे दार होतं. मी स्वतः उघडून बघितलंय. नसेल द्यायचं तर इसार परत द्या. आत्ताच्या आत्ता."

झोपाळा थांबला. माजघराच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आत्ता कुठून देणार? त्याच्या तर पाटल्या करायला टाकल्यात ना!"

"तू आत जा!" तात्या ओरडले.

पण ते बोलून झालं होतं.

पाटल्या. माझ्या काळ्या बोटांनी दिलेल्या नोटांच्या पाटल्या. त्या तात्यांची लेक हातात घालून बोहल्यावर चढणार होती. आणि माझ्या ओठाला लागलेल्या कपाला तांब्याभर पाणी!

इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्यातच काहीतरी असेल. लहानपणापासून तेच मनात भरवलेलं. त्या सकाळी ते निघून गेलं. विटाळ असता तर नोटांनाही झाला असता. कुठे मानायचा नि कुठे नाही हे यांनी सोयीने ठरवायचं, आणि आम्ही खाली उभं राहून 'चालेल' म्हणायचं. आम्ही म्हणतो म्हणून चालतं.

मी पुढे गेले आणि पायरीवर बसले.

"ऊठ तिथून."

"पैसे द्या, उठते. नाहीतर दार द्या."

"गडी बोलावू?"

"बोलवा. त्यांच्यासमोर पाटल्यांचंही सांगते."

हे खळ्यातच उभे होते. माझ्या बाजूने बोलले नाहीत. पण मला ऊठही म्हणाले नाहीत. ऊन पायरीवर आलं.

शेवटी तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्या खरेदीखताला या."

"दारासकट?"

"हो गो बाई, दारासकट! ऊठ आता."

शिमग्याच्या आत आम्ही राहायला गेलो. पालखीच्या दिवशी आळीतली दोन माणसं आली. "पालखी येतेय. तेवढा वेळ दार लावून घ्या."

"तुम्हाला थांबायचं नसेल तर थांबू नका," मी म्हटलं. "दार लागणार नाही."

पालखी आली. आमच्या घराशी आल्यावर ढोल बंद केला. पुढच्या घरापाशी पुन्हा सुरू केला. मधला वेळ नुसती पावलं वाजत होती. मी चौकटीत उभी होते. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

देणी फिटायला उमेदीची वर्षं गेली. कधी दिवाळी केली नाही, कधी नवं पातळ घेतलं नाही. सुलोचनाचे पैसे आधी दिले, बाकीचे रखडत. आळीत मला अजून कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. लोक सांगतात, आता जुनं झालं, सोडून दे. तात्याही गेले म्हणतात. तात्या गेले असतील. मी नाही सोडणार.

लेकाने परवा विचारलं, घराची डागडुजी करायची तर दार मागे घेऊया का, पुढे गाड्यांची धूळ येते. मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. आणि बजावलं. धूळ येऊ दे. मी जिवंत आहे तोवर याच दाराने जाईन-येईन. आणि मेले की चार माणसांनी मला याच दाराने काढायचं, याच आळीतून न्यायचं, भर दिवसा.