एका हाकेला ओ देऊ नये

मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. भरदुपारी मागच्या दारच्या रिकाम्या पिंपाकडे बघून हसायची. तिथे कोणी नसायचं. मग एकाएकी भिंतीवर कपाळ आपटायला लागायची. वरचे भाडेकरू कंटाळून खोली सोडून गेले. लग्नाची पत्रिका यायची, पण "पोरीला घरी ठेवून या" हा निरोपही सोबत यायचा. नवरा कंपनीत पाळीवर, म्हणून तळवलीच्या घरात सासू, मी आणि ती. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. सासूने भगत आणला.

आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. भगत मुलीच्या तोंडावर अंगारा फुंकायला लागला की मी मध्ये उभी राहायचे.

"बघा, शिकलेली हाय म्हनून देवालाबी शिकवल," सासू म्हणायची. पण माझ्या शिक्षणाचा थोडा वचक होता. भगत ओटीवरूनच परत जायचा.

मग मला हाक ऐकू यायला लागली. भांडी घासताना, पाठीमागून, बारीक आवाजात एकदाच, "मम्मी." वळून बघावं तर मुलगी तोंड मिटून पिंपाकडे बघत बसलेली.

सासूची ताकीद जुनीच होती. "एका हाकेला ओ देव नको गो. मानूस असला तं पुन्ना हाक मारतं. ते एकदाच मारतं." मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता ओ ओठांवर यायची आणि मी, बी.ए. झालेली बाई, ती गिळून टाकायचे.

सांगणार कोणाला? सून वेडी ठरली की तिच्या शब्दाला वजन राहत नाही. मग भगत आणि माझी मुलगी यांच्यामध्ये कोण उभं राहणार?

खारघरला मुलीची थेरपी चालायची. तिथल्या बाईंनी मला शनिवारच्या पालकांच्या ग्रुपमध्ये बसवलं. "हे मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी," म्हणाल्या. तिथे नियम एकच. कोणी सल्ला द्यायचा नाही. एकाचं सांगून झालं की बाकीच्यांनी फक्त "ऐकलं" म्हणायचं. पहिल्या दिवशी गोल बसलेले सगळे एका सुरात "ऐकलं" म्हणाले आणि माझ्या अंगावर काटा आला. भगताच्या बैठकीत लोक असाच हुंकार भरतात. मी पर्स उचलली होती. मुलगी शेजारच्या खोलीत रमली होती म्हणून बसले.

काही शनिवार गेले, आणि मी हाकेचं सांगून टाकलं.

"ऐकलं" कोणीच म्हणालं नाही. मग टॉवरमध्ये राहणारे, बँकेतले एक काका घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडे लिफ्टपाशी. 'पप्पा' म्हणून. पोरगा तर वर असतो, बंद दाराआड."

"मी मिक्सर लावला की येते," जुईनगरची एक बाई म्हणाली. "दर वेळी बंद करून बघते."

"म्हणजे मॅडम, तुमचंच तळवलीहून बस पकडून आमच्याकडे येतं वाटतं," काका मला म्हणाले. सगळे हसलो. हसताना प्रत्येक जण समोरच्याच्या पाठीमागे बघत होता.

"कान वाट बघत असतात," थेरपीच्या बाई हळूच म्हणाल्या. "त्यात तुम्हाला कोणालाच पुरेशी झोप नाही. हे वेड नाही. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरही तेच म्हणाले, आधी झोपा.

घरी आले तेव्हा सासू ओटीवर सुकट निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"तुना पन?" ती म्हणाली. "मना 'आजी' म्हनून बोलावते. कवापासून. म्हनून तं भगत आनला गो."

आम्ही दोघींनी एकदमच आत बघितलं. मुलगी पिंपाकडे तोंड करून बसली होती. हसत होती.

पुढच्या शनिवारी सासूला खारघरला घेऊन गेले. काकांचं ऐकून झाल्यावर "ऐकलं" म्हणायचं सोडून ती म्हणाली, "तुमचे लिफ्टवाल्याला सांगा, तलवलीला आता खोली खाली नाय." नियम मोडला, पण बाईंनाही हसू आवरलं नाही.

मुलगी अजून बोलत नाही. हाकही मधूनच येते. पण भगताला सासूने स्वतः येऊ नको म्हणून सांगितलं. दुपारी आम्ही दोघी पाळीपाळीने झोपतो, आणि माझ्या मुलीच्या तोंडावर आता कोणी अंगारा फुंकत नाही.