हात वर करून सोडलेली कबुली

एकदा मी नुसता हात वर करून अख्ख्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, विश्वासाची कबुली मोडीत काढली होती. हसू नका, आम्हा बाप्तिस्त ख्रिस्ती लोकांत असं होऊ शकतं. आमच्यावर कुणी बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. सभासदांनी सभेत हात वर केले की ठरलं. वर्ध्याजवळच्या सेलूला सून म्हणून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि बी.ए.चा ताठा अजून मानेतून उतरला नव्हता. कबुली म्हणजे आपण काय मानतो, ते कलमवार लिहून ठेवलेला जुना मजकूर; प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्याकडे त्यातलं एकेक कलम वाचत. मला जांभया येत. जांभई आली म्हणजे दोष वाचणाऱ्याचाच, अशी तेव्हा माझी पक्की समजूत.

सभेत मी उभी राहिले आणि विचारलं, "आपल्याजवळ पवित्र शास्त्र आहे ना? मग दूरदेशीच्या माणसांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी लिहिलेलं हे कशाला वाचायचं?" तरुण मंडळींनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "शास्त्र तं साऱ्यायजवळच हाय वो. पण त्यातून तुले काय समजलं, ते आमाले कसं समजन?" प्रश्न नेमका होता, म्हणून तर मी तो ऐकला नाही. हात वर झाले, कबुली गेली.

तिच्या जागी वाचायला चार ओळी मीच लिहून दिल्या. बोहारणीला जरीचं लुगडं देऊन स्टीलचा डबा घ्यावा, तसा तो सौदा होता. शेवटची ओळ माझी फार लाडकी: ज्याचा विश्वास पक्का, त्याचं कधी वाईट होत नाही. उखाणा घेतल्यासारखी ठसक्यात वाचायचे मी ती.

काही वर्षांनी माझी लेक रूथ तापानं फणफणली. छाती भरली, श्वास पुरेना. वर्ध्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसले, तर ती लाडकी ओळ आधीच येऊन बसलेली. रूथ बरी होत नव्हती. म्हणजे माझा विश्वास पक्का नव्हता. म्हणजे माझ्या लेकराला मीच मारत होते. हे गणित दुसऱ्या कुणी नाही, मीच मांडून ठेवलं होतं. मग मी डोळे गच्च मिटून, दातओठ खाऊन विश्वास ठेवायला लागले. जितका जोर लावावा, तितका तो मुठीतल्या वाळूसारखा निसटायचा.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांची लेक, माझ्याच वयाची, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी बाई. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दात दुखते का, ताई?"

मला रडूच फुटलं. "माझा विश्वास कमी पडून राहिलाय. म्हणून पोरगी बरी होत नाही."

"असं कोन सांगतलं तुले?"

सांगितलं मीच होतं. मी रूथचं पांघरूण सारखं करू लागले.

ती सावकाश, शब्द शोधत म्हणाली, "आमच्या मंडळीत वाचते ना. विश्वास लहान राहते, मोठा राहते. कधी लय मार खाते. पन विश्वासानं ज्याले धरला, तो देव लहान नाई."

शब्द तिचे होते, पण कलम ओळखीचं होतं. सेलूच्या बाकावर बसून मी त्याच कलमाला जांभया दिल्या होत्या. मी विचारलं, "कुठली मंडळी तुमची?"

"बाप्तिस्त. ते तेलुगूत लिवलेलं हाय आमच्याकडे. जुनं हाय."

आम्ही फेकून दिलेलं, पार तिकडे सिरोंच्याच्या नदीकाठी कुणीतरी दुसऱ्या भाषेत सांभाळून ठेवलं होतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी एवढंच म्हटलं, "देवा, विश्वास हा एवढुसाच आहे. पुढचं तू बघ." कित्येक दिवसांनी दातावरचे दात सुटले.

रूथचा ताप उतरला. औषधानंच उतरला असेल, मी वाद घालत नाही. पण ती बाई तिथं नसती, तर बऱ्या झालेल्या लेकीला घेऊनही मी स्वतःच्या विश्वासाचीच फुशारकी मारत घरी आले असते. एके सकाळी मी नळावरून पाणी घेऊन परतले तोवर बापलेक गावाला निघूनही गेले होते. नाव विचारायचं राहिलंच.

आता नात विचारते, आजी, हे जुनं आपण काऊन वाचतो? तिला सांगते, शास्त्राची जागा वरच, तिथं कुणी बसत नाही. पण धडधाकट असताना मी रचलेल्या त्या चार ओळी माझ्याच उंचीच्या निघाल्या, आणि मी तर लेकीच्या खाटेशी खाली बसले होते. कबुली लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर, राजाच्या पंथाबाहेर राहिले म्हणून, तुरुंगाची टांगती तलवार होती म्हणतात. ते कलम लिहिताना त्यांच्यातलं कोण कुणाच्या उशाशी बसून उठलं असेल? अजून विचार करते. वर गेल्यावर आधी हेच विचारणार आहे.

तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर पुढच्याच सभेत मी पुन्हा उभी राहिले. मान खाली घालून म्हटलं, "जी कबुली मी सोडून दिली होती, ती परत वाचू या." हात वर झाले. पाळकांनी ते कलम माझ्याच हाती दिलं. मी तोंडातल्या तोंडात वाचू लागले. तेव्हा मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "सोडून देल्ली म्हने! सोडाले तुह्या हातात होतंच काय? देवानंच धरून ठेवलं तुले. वाच आता मोठ्यानं, मले मांगं आयकू येत नाई."