तिसऱ्या खांबामागची भिंत

"तठे दार नही शे व माय! भित शे ती, भित!"

कमलअक्का मागून माझा पदर ओढत होती. मी ऐकलं नाही. हातातली पहार पुन्हा भिंतीवर घातली. थोडा गिलावा पडला. मागे कापसाची रुई पेटली होती — आणि रुईची आग आवाज करत नाही. लाकूड तडतडतं, तुराटी तडतडते. रुई नुसती पसरते. या ढिगावरून त्या ढिगावर गेली आणि आम्ही बघत राहिलो. मोठं दार आगीच्या पलीकडे, तेही बाहेरून कुलूपबंद. खिडक्या दोन पुरुष उंच, त्यांना जाळी. आत आम्ही अकरा बाया.

"येडी हुयनी ही," कुणीतरी रडत म्हणालं.

"येडी तर येडी! पोती ओढा बाजूला," मी ओरडले. "तिसऱ्या खांबामागे दार शे. मी देखेल शे!"

पाहिलं होतं, हे खरं. कुठे पाहिलं ते तेव्हा सांगितलं असतं तर त्या आगीतही बाया हसल्या असत्या. कॉम्प्युटरच्या गेममध्ये.

मी चौथी शिकलेली बाई आहे. भुताखेतावर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या दोन बायांना मी तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणलं आहे. त्यामुळे हे लिहायला लाज वाटत होती. पण आता वय झालं, आणि घडलं ते घडलं.

नव्वद सालानंतर पाच-सहा वर्षं झाली असतील. नरडाण्याच्या रस्त्याला एक जुनं जिनिंग होतं. तिथे रेचे होते, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची यंत्रं. त्यांच्यात कापूस टाकायचं काम आम्ही बाया करायचो. बाया पदरात रुई बांधून नेतात असं मालकाला वाटायचं. म्हणून काम चालू असताना मोठं दार बाहेरून बंद आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. सुट्टीला एकेकीचा पदर झटकून बघायचा, मग सोडायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. चूक आमचीही होती — एकीनेही कधी विचारलं नाही की, आग लागली तर?

माझी मुलगी रेखा धुळ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. रविवारी क्लास रिकामा असे, तेव्हा मी भाकरी घेऊन तिच्याकडे जायचे. तिथे तो बंदुकीचा गेम होता. आपण दिसत नाही, फक्त हात आणि बंदूक दिसते. पुढे बोळ, दारं, आणि वळलं की अंगावर धावून येणारे राक्षस. पहिल्यांदा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले!

रेखा सांगायची — अमेरिकेतल्या काही पोरांनी बनवला, पहिला भाग फुकट सोडून दिला. ज्याला पाहिजे त्याने फ्लॉपीवर उतरवावा, दुसऱ्याला द्यावा. असा हातोहात फिरत तो धुळ्यापर्यंत आला. आणि त्या पोरांनी आणखी एक गंमत ठेवली होती. आपल्याला हवी ती जागा आपणच त्यात बांधायची.

"माय, तुझं जिनिंग बांधू?" रेखाने विचारलं. "राक्षसाच्या जागी मुकादम समज."

मी पावलं मोजून यायचे, ती आकडे टाकायची. रेचे इथे, ढीग तिथे, खांब सहा. दोन महिन्यांत जिनिंग उभं राहिलं. मोठ्या दारात एक लालभडक राक्षस. मी त्याला पहिल्याच दिवशी तीनदा मारला.

"माय, पुरे की आता!"

"थांब, अजून एकदा."

त्या गेममध्ये काही भिंती खोट्या असतात. भिंतीला घासत चालायचं आणि कीबोर्डवरची लांब पट्टी दाबत राहायचं. चोरदार असेल तर उघडतं. मला त्याचं वेडच लागलं होतं. मी गेममधल्या आमच्या जिनिंगच्या भिंतीलाही तसंच करत चालले होते. तिसऱ्या खांबामागे भिंत वर सरकली. मागे अरुंद बोळ. उजवीकडे बंद. डावीकडे वळलं की मोकळं आभाळ.

"हे काय काढलं तू?" मी म्हणाले.

रेखा वाकून बघत होती. "मी नाही काढलं."

तिने गेम बंद करून नकाशा उघडला. तिथे नुसती सरळ रेघ. दार नाही, बोळ नाही. पुन्हा गेम लावला, भिंत हलेना. तासभर दाबत होतो दोघी. मला रागच आला, शेवटची बस पकडून घरी आले.

त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, आग लागली. वजन भरावं म्हणून शेतकरी कापसात खडे टाकतात. खडा रेच्यात गेला की ठिणगी उडते. खडा कुणाचा ते मला माहीत नाही. त्या ढिगात आमच्या घरचाही कापूस होता.

मुकादम चहाला गेला होता. किल्लीही त्याच्यासोबत गेली.

पोती हटवली. गिलाव्याखाली बाकी भिंत दगडाची, पण तिथे तेवढ्या भागात विटा! कमलअक्काने ते बघितलं आणि माझ्या हातातून पहार हिसकावली. "सरक, तुन्हात काय जोर शे!" असं म्हणत तिने जे घाव घातले... चार विटा गेल्या, मग भिंत आपोआप ढासळली. मागे तोच अरुंद बोळ. धूर आमच्या आधी बाहेर पडला. काही दिसत नव्हतं. पुढच्या बाया उजवीकडे वळायला लागल्या.

"डावीकडे! बठ्ठ्या डावीकडे!" मी सगळ्यांना ओरडून सांगितलं.

वळलो. मोकळं आभाळ.

मालकाने नंतर विचारलं, तुला कसं माहीत? त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जिनिंगमध्ये पूर्वी यंत्रांना तेल घालणारे एक म्हातारे आबा होते, त्यांनी सांगितलं. वाफेचं इंजिन होतं तेव्हा कोळसा आणायला तिथून वाट होती. इंजिन गेलं, वाट बुजवली. ते माझ्या लग्नाआधीचं. मी तर लग्न करून इथे आले, आणि रेखाचा तेव्हा जन्मही नव्हता.

मी रेखाला आजही फोनवर विचारते. ती म्हणते, "माय, मी ते दार काढलं नव्हतं." ती खोटं बोलणारी नाही, आणि बोलून तिला मिळणार काय? मग कुणी काढलं? मला माहीत नाही. कुणी सांगेल असंही वाटत नाही.

आत अकरा बाया होत्या. कमलअक्काची टाच भाजली, माझी वेणी जळाली. अकराही जगल्या.