ऋतुजाचं दुसरं बोलावणं

आमची सून ऋतुजा कोष्ट्याची लेक. तिच्या बापाचा माग कवाच भंगारात गेला, पण बोटं लेकीत उतरली. फाटलेली रेशमी साडी ती अशी रफू करते, की मी चष्मा लावून जागा शोधत बसते. हे काम मोबाईलवरून शिकवायचं तिनं ठरवलं. तिचे छोटे व्हिडिओ पाहून गावोगावच्या बायांनी आपापले ईमेल पत्ते दिले, क्लास निघाला की कळवा म्हणून. वीस जणींचा क्लास निघाला, तिनं कळवलं. अन् नावं भरली किती जणींनी? चौघींनी.

माझ्या पोराचं, भूपेशचं, तोंड उतरलं. तो कोराडीच्या विजेच्या प्लांटमध्ये कंत्राटावर, त्याले घरात काहीतरी भरवशाचं पाहिजे. गांधीबागेतल्या एका साडीवाल्या शेठनं ऋतुजाले कॉम्प्युटरवर बसायले बोलावलं होतं. रविवारी क्लास सुरू होणार. तोवर भरला नाही तर सोमवारपासून दुकानात जायचं, असं नवरा-बायकोत ठरलं. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मले भल्लाच राग आला, कोणाचा ते विचारू नका.

मग भूपेशनं आपल्या दोस्ताले आणलं, गौरांगले. तो अशा ऑनलाइन धंद्यांची जाहिरात करून देतो. दिवाणावर बसला, दोन कप चहा प्याला अन् ज्ञान देऊ लागला. ज्या आल्या नाही त्यांना रोज मेल पाठवायचा, फक्त तीन जागा शिल्लक, खाली पळतं घड्याळ लावायचं. अन् भाषा शुद्ध पाहिजे, नाहीतर पुण्याच्या बाया हसतील. ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं.

"जागा तर रिकाम्या पडल्या आहेत, भाऊजी," ती म्हणे. "ताकाले जाऊन भांडं काहून लपवू?"

आमच्या गल्लीत लग्नाची पत्रिका दिली म्हणजे झालं, असं नसते. पानं मांडली की कोणीतरी घरोघरी जाऊन सांगते, चला, जेवाले चला. हे दुसरं बोलावणं आलं नाही तर माणूस घरी उपाशी बसेल, पण मांडवात येणार नाही. कितीक वर्षं हे काम मी केलं. त्यात अजिजी नसते, बाप्पा, तो मान असतो. ऋतुजानं तेच केलं. मेल लिहिला अन् आधी मले वाचून दाखवला.

"बाई, तुमची साडी फाटली म्हणून तुम्ही नाव दिलं होतं. पानं मांडली, तुम्ही आल्या नाही. काहून? कोणी नीट करून दिली असेल तर चांगलंच आहे. नसेल तर रविवारी या, जागा भरपूर आहे. यायचं नसेल तर तसं लिहा, नाव काढते. राग नाही."

अन् तिथंच घोटाळा झाला. बोलावण्यात कोणतंच घर वगळत नाही, त्या सवयीनं तिनं हा मेल आधीच नाव भरलेल्या चौघींनाही धाडला. त्यातल्या एकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आलेली असून काहून विचारता, म्हणून ती नाव काढून गेली. गौरांगचा फोन आला, सगळ्यांना माफीचा मेल टाका. भूपेश डोकं धरून बसला.

"त्या बाईले मी फोन करून माफी मागितली," ऋतुजा म्हणे. "बाकीच्याईले विचारलं, ते नाही चुकलं."

उत्तरं येऊ लागली. पुण्याच्या एकीनं लिहिलं, ही काय भाषा? तिचं नाव काढलं. एकीची साडी सासूनंच रागात फाडली होती. खापरखेड्याच्या कॉलनीतून एकीनं विचारलं, डोळ्याले कमी दिसते, जमेल काय? पोळ्या लाटता लाटता माझी सून सगळ्यांना उत्तरं देत होती.

रविवारी नऊ जणी बसल्या. अर्धाही क्लास भरला नाही. भूपेश हळूच म्हणाला, ठरलं ते ठरलं.

"ठरलं होतं," ती म्हणे. "आता मी मोडून राहिली."

तो चपला घालून बाहेर निघून गेला. मी मात्र खुशीत पोरीसाठी शिरा केला.

सोमवारी सकाळी शेठचा फोन आला. नऊच जणी, म्हणून ऋतुजा एकेकीले वेगळं शिकवत होती; तवा ती लॅपटॉपसमोर बसून खापरखेड्याच्या बाईले सुई कशी धरायची ते दाखवत होती, म्हणून फोन मी उचलला. शेठ म्हणे, काय गोदूबाई, सून कवा येते? का क्लास भरला तिचा?

"नाही भरला गा," मी म्हटलं. "म्हणूनच तिले फुरसत नाही."