पाहुण्याला दाखवू नये असं

खडवलीला राहणाऱ्या माझ्या मामाच्या भाताचा विमा मी उतरवला. वर्तकनगरच्या घरात बसून, मोबाइलवर. मामाचं मत असं की, विमा म्हणजे देवापुढे ठेवलेला नारळ. ठेवला की विषय संपला, परत मागायला जायचं नसतं. भयंकर हट्टी माणूस! म्हटलं, असू दे, मागायला मी आहे.

दिवाळीच्या तोंडावर भात कापून शेतात पडलेलं आणि नेमका पाऊस आला. लोंब्यांना पडल्या जागी कोंब फुटले. घरचं वर्षाचं खाणं होतं ते. मी लगेच विमा कंपनीला कळवलं, आणि पाहणीला माणूस येणार त्या सकाळी खडवलीला गेलेले. बघते तर काय, शेत लख्ख! भिजलेलं भात गायब.

"मामा, भात कुठंय?"

"ठेवलंय बाजूला. अगं, पाहुणा येतोय, त्याला काय कुजकं दाखवायचं?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात साहेब आलेच. तरुण पोरगा, घामाघूम, बुटांना चिखल. मामाने खुर्ची दिली, चहा दिला, गरम घावणे पुढे केले. अगदी जावई आल्यासारखं चाललेलं.

"नुकसान किती झालंय, काका?"

"छे हो! थोडंफार. देवाच्या कृपेने बरं आहे. तुम्ही घ्या ना, लाजताय काय!"

मी डोळे वटारले. मामा माझ्याकडे बघेल तर शपथ. साहेब बिचारा खात खात मोबाइलवर 'थोडंफार' भरायच्या बेतात. तोच मामी चुलीपासून उठून आली, हाताला पीठ तसंच.

"थोडंफार? मग विमा काय ओवाळायला उतरवलाय? चला हो साहेब, मी दाखवते."

साहेब अर्धा घावणा हातात घेऊन तिच्यामागे. गोठ्यामागे जाऊन तिने ताडपत्री खस्सकन ओढली. भपकन वास आला. भाऱ्यांवर हिरवेगार कोंब.

"काढा फोटो. ह्यांची अब्रू इथे झाकून ठेवलीय!"

मला हसू आवरेना. मामी तर पेटलेलीच. साहेबाने चारही बाजूंनी फोटो काढले आणि मागून आलेल्या मामाला हळूच विचारलं, "काका, खरं सांगा. किती गेलं?"

मामा भाऱ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सगळं."

मामी एकदम खाली वाकली. तिने ती ताडपत्री घाईघाईने परत भाऱ्यांवर ओढून घेतली.