एकदा दाबलं म्हणजे ठीक

"हात बघू."

काकांचं पहिलं वाक्य हेच. समोरच्याला वाटायचं, आता भविष्य सांगणार. तो खूश होऊन तळवा पसरायचा. काका तळव्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. हात मुठीत घेऊन दाबायचे, मान भलतीकडे, आणि सगळ्यांदेखत निकाल: "हा ओरडणार." "ही नीट जाईल." "ह्याला नका नेऊ, स्वतः बुडेल आणि दुसऱ्यालाही बुडवेल." गिऱ्हाईकाला असं बोलतात का कुणी? पण निकाल कधी चुकला नाही.

मी दादरला एका ट्रॅव्हल ऑफिसात समुद्र विकतो. अंदमान, मालदीव, बाली. चार रात्री, पाच दिवस, नाश्ता आणि दोन स्कूबा डाइव्ह. मूळचा मी बार्शीचा. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे टँकरची वाट बघायची. तरी फोनवर ठोकून देतो, "मॅडम, तिथलं पाणी म्हणजे अगदी काच!" शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, इथे त्याच गुणावर पगार खातो.

आमची गिऱ्हाईकं तुम्हीही बघितली असतील. पाण्यात खांब ठोकून उभ्या केलेल्या खोलीला व्हिला म्हणतात, तिथे बसून घरच्या चकल्या खातात. दिवसा माशांना घाबरतात, संध्याकाळी पापलेट ताजं नाही म्हणून भांडतात. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. दहादा सांगा, उपयोग शून्य. एका साहेबांनी पहिला मासा दिसताच कॅमेऱ्याकडे बघून झकास अंगठा दाखवला. शिकवणाऱ्याने त्यांना धरून सरळ वर आणलं. साहेबांनी दुसरा अंगठा रिव्ह्यूमध्ये दाखवला, खाली.

असल्या मंडळींना जायच्या आधी तरणतलावात नळी तोंडात धरून श्वास घ्यायला शिकवायचं, हे काकांचं काम. लालबागच्या चाळीत राहायचे, गाव मालवणकडचं. पंचवीस वर्षं गोदीत पाणबुडे होते. बोटीच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेले दोर कापायचे.

"काका, खाली काय दिसायचं हो?"

"डांबर. पाणी नाय ता, डांबर. डोळ्यांचं काय काम तिथे? हात आसत मा."

वरच्या माणसाशी बोलणं दोरीने. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ. तलावातही त्यांनी तीच भाषा आणली. गिऱ्हाईकाचा हात धरायचे. एकदा दाबलं म्हणजे ठीक, दोनदा दाबलं म्हणजे वर.

आमची रंगीत माहितीपत्रकं चाळून म्हणायचे, "पैसे देऊन बुडतात मेले. आम्हाला बुडायचे पैसे मिळायचे."

मग मालकांनी नियम काढला. शिकवणाऱ्याकडे डायव्हिंगचं कार्ड हवं. काकांकडे पंचवीस वर्षं होती, कार्ड नव्हतं. कार्ड नाही तर काम नाही. एका ग्रुपबरोबर त्यांना परीक्षेसाठी अंदमानला धाडलं. सोबत मी.

रिसॉर्टच्या दारात मॅनेजरने "वेलकम टू पॅराडाइज!" करत प्रत्येकाच्या गळ्यात शिंपल्यांचा हार घातला. हा आवाज मी अजून काढतो, अर्धा नाकातून आणि अर्धा पगारातून. काकांनी हार नखाने खरवडून बघितला. "जन्मभर हेच खरवडलं, बार्शी. आता गळ्यात पडलं." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी बार्शीच.

परीक्षा घेणारा पोरगा, डोक्यावर केसांचा अंबाडा, काकांना म्हणाला, "अंकल, रिलॅक्स." ज्या माणसाने बोटीखाली दुपारच्या दुपारी काढल्या, त्याला!

तिघं उतरलो; मलाही काकांनीच तलावात शिकवलं होतं. पाणी खरंच काच होतं, म्हणजे फोनवर मी चुकून खरं बोलत होतो. काका माशासारखे पुढे गेले. पोरग्याने समोर येऊन बोटांचं वर्तुळ केलं, म्हणजे 'ठीक ना?' उत्तर नाही. परत केलं. उत्तर नाही. मी जवळ गेलो. मास्कच्या काचेआड काकांचे डोळे घट्ट मिटलेले. न्हाताना शिकेकाई जाईल म्हणून पोरं मिटतात ना, तसे. मी त्यांचा हात धरला.

त्यांनी एकदा दाबला. ठीक.

पण परीक्षा दिसणाऱ्या खुणांची होती. कार्ड मिळालं नाही. पोरग्याने एवढं मात्र लिहून दिलं की पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी.

धक्क्यावर काका पाय सोडून बसले होते. मी विचारलं, "डोळे का मिटलेत?"

"एकदा उघडले होते."

"मग?"

"खाली दिसलं रे. केवढं खोल! इतकी वर्षं मला वाटायचं, बोटीखाली फक्त मी असतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला बोलू नको हां. रोज तलावात उघडायची सवय करतो. पुढच्या खेपेला जमेल."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार?

सोमवारी ऑफिसात चहा आला आणि सगळे मागे लागले. "ए, कर ना काकांचं! काय झालं तिकडे?" आधी मॅनेजर केला. मग अंबाडा. हशा चढत गेला, मीही चढत गेलो. आणि मग मी खुर्चीवर पालथा पडलो, चष्म्याचा मास्क केला, गाल फुगवले आणि डोळे घट्ट मिटले. लोक टेबलावर हात आपटून हसले. मी डोळे उघडले तर मालक केबिनच्या दारात. तेही हसत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. रुमालाने ते पुसून म्हणाले, "अरे, मग दुसरी खेप कशाला? राहू दे."

झालं.

आता तलावावर गळ्यात कार्ड लटकवलेला एक जण असतो. तो गिऱ्हाईकांना रिलॅक्स म्हणतो, गिऱ्हाईकं अंगठा वर करतात, सगळे आनंदात.

काका आपला जुना मास्क न्यायला एकदाच ऑफिसात आले. माझ्या टेबलाशी थांबले.

"नक्कल झकास झाली म्हणे."

मला पंधरा-वीस माणसांचे आवाज काढता येतात. त्यातला एकही निघेना.

"हात बघू."

मी दिला. त्यांनी मुठीत घेतला, मान भलतीकडे, नेहमीसारखी. सगळे निकालाची वाट बघत होते, मी सगळ्यांत जास्त. काका काहीच बोलले नाहीत. हात एकदा दाबला आणि सोडला.

दुसऱ्यांदा दाबतील म्हणून मी तो तसाच पुढे धरून उभा राहिलो. काका जिना उतरून गेलेसुद्धा.