कुंकू लावलेली सीडी

काल पाटणकर बाजारात दसऱ्याचे झेंडू घेताना शेजारच्या दुकानातल्या कुंकवाचा वास आला आणि आमचे जुने साहेब आठवले.

आमच्या कंपनीची शहरातल्या लष्कर भागातली दोन ऑफिसं तेव्हा नुकतीच एक झाली होती. साहेबांचे पूर्वज फौजेत होते, त्यामुळे ऑफिसातही शस्त्रपूजा व्हायची. त्या वर्षी पाटावर तलवारीशेजारी एक सीडी होती. जावा या कॉम्प्युटर-भाषेतल्या प्रोग्रामचे स्क्रीन नुसते माउसने ओढून बनवायचं टूल होतं त्यात.

"अब कोड लिहायची गरजच नाही," असं आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणत साहेबांनी सीडीला हळदकुंकू वाहिलं, तेही चकचकीत बाजूला. कॉम्प्युटरला ती वाचताच येईना.

"मशीनच बेकार आहे," साहेब म्हणाले. मी पदराने सीडी पुसली आणि टूल बसवलं.

साहेबांनी कोऱ्या विंडोवर एक बटण ओढून ठेवलं. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. मग त्यांनी ऐटीत ते बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"सर, दाबल्यावर काय व्हायचं, ते कोडमध्ये लिहावं लागतं," मी म्हणाले.

"तो फिर लिहून टाका ना!"

लिहिणाऱ्या दोघांना त्यांनीच त्या आठवड्यात पुनर्रचनेच्या नावाखाली घरी पाठवलं होतं. मी तसं सांगितलं.

तेव्हा मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. आता तेवढीही किंमत द्यावीशी वाटत नाही.

साहेबांनी आणखी एक पेढा तोंडात टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "बटण जरा निळं करून बघा."